एकतीस रिकाम्या शिश्या

गोचिडीवर ललित लिहावं असं आजवर कोणाला वाटलं नसावं, आणि ज्यांना वाटलं नाही ते शहाणेच म्हणायचे. मीही लिहिणार नव्हते. पण काल यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाभळींना कापूस लागलेला दिसला. कापसाने फुगलेली गाडी घासून गेली की काट्यांत अडकून राहतो तो. झालं! गाडीच्या काचा बंद होत्या, तरी मला तो वास आला. उन्हात तापलेल्या पऱ्हाटीच्या झाडांचा, सरकीचा, आणि त्यात मिसळलेला स्पिरिटचा. कापूस वेचणीच्या हंगामाला स्पिरिटचा वास असतो असं म्हणणारी या जिल्ह्यात मी एकटीच असेन.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी बोरी अरबच्या पुढच्या एका खेड्यात दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत राहिले होते. काम काय, तर रानातली पाखरं धरायची, त्यांच्या अंगावरच्या गोचिडी काढायच्या आणि पाखरं सोडून द्यायची. ‘रानपाखरांवरील गोचिडींमधील जिवाणूंचे जनुकीय वैविध्य’ हा माझ्या प्रबंधाचा विषय. तो आमच्या उत्तरवार सरांनी दिलेला. घरी सांगितला तेव्हा आई भाकरी थापत होती, तिचा हात हवेतच राहिला. “दुसरं काही शिल्लक नव्हतं काय वं?” ती म्हणाली.

विषय तसा सोपा आहे. गोचीड रक्त पिते, तिच्या पोटात जिवाणू असतात, त्यातले काही माणसाला ताप आणतात. पाखरू उडालं की त्याच्यासोबत गोचीड उडते आणि तिच्या पोटात बसून जिवाणू फुकटात प्रवास करतो. हे प्रवासी किती प्रकारचे आहेत आणि कोण कोणाच्या भाऊबंदकीतला, एवढंच शोधायचं. मी हे आईला असंच समजावून सांगितलं. ती म्हणाली, “भाऊबंदकीच पाह्याची होती तं घरी काय कमी होती?”

ती वर्षं जिल्ह्याला वाईट गेली. कापूस आला तर भाव नाही, भाव असला तर कापूस नाही, आणि पेपरात रोज यवतमाळचं नाव. त्यामुळे खेड्यापाड्यांत वहीवाले फार यायचे. समितीचे वहीवाले, पेपरचे वहीवाले, फवारणीच्या औषधांचे वहीवाले. लोकांना वही दिसली की उत्तरं आपोआप सुरू व्हायची. सरांच्या ओळखीने मला लिलाकाकूंच्या घरची मागची खोली मिळाली होती. मी ओसरीवर पाय ठेवला, हातातली वही त्यांना दिसली आणि प्रश्न येण्याआधीच त्या सुरू झाल्या.

“बसा. घरात माणसं दोन. पोरगी देली वर्ध्याले. विहीर हाये पन पानी नाई. अळी औंदाही हाये. लिहा.”

“काकू, मला तसलं काही विचारायचं नाही,” मी म्हटलं. “मी पाखरांच्या गोचिडी पाहायला आलेय.”

खाटेवर काका बसले होते, लिलाकाकूंचे यजमान. फार कमी बोलणारा माणूस. त्यांनी बिडी विझवली.

“मानसायचं पाहून झालं वाटते सरकारचं,” काकू म्हणाल्या. “आता पाखरायच्या गोचिडीवर आले.”

काकांनी तेवढ्यात हळूच विचारून घेतलं, “अनुदान हाये काय त्याले?”

मग काकूंनी माझं नाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं की पुढे काय होतं याची मला लहानपणापासून सवय आहे. एक क्षण जातो. मी तो क्षण मोजायला तयारच होते. पण काकूंचा पुढचा प्रश्न श्वासही न घेता आला: “जेवली काय?” ही नोंद मी त्या हंगामात सगळ्यात आधी केली, वहीत नाही, मनात. प्रज्ञा या नावाची मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी परग्या केली, आणि पुढे कधी दुरुस्त केली नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वाटीभर वांग्याची भाजी आणून दिली. मी ती चाटूनपुसून खाल्ली, वाटी राखेने घासून लख्ख केली आणि परत द्यायला गेले. काकू वाटीत बघतच राहिल्या.

“काय वं परग्या, रिकामं भांडं देते कोनी?”

“धुतलंय काकू, अगदी स्वच्छ.”

“धुतलं तं काय झालं? रिकामं भांडं घरात येऊ देत नाई, घरातून जाऊ देत नाई. शिकवलं नाई काय कोनी?”

शिकवलं होतं. आमच्या पांढरकवड्याच्या घरीही आई शेजारणीच्या वाटीत चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण पाच वर्षं वसतिगृहात राहून माणूस बिघडतो. त्यानंतर मात्र मी काटेकोर झाले. वाटीत कधी फुटाणे, कधी गुळाचा खडा, कधी दोन बोरं, आणि एकदा काहीच नव्हतं म्हणून खोकल्याची गोळी. काकूंनी ती चघळत चघळत सांगितलं, “हे चालते.”

पहाटे उठून मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाळं लावायची. दव उतरल्याशिवाय बाया वेचायला येत नाहीत, ओला कापूस काळा पडतो. त्यामुळे उन्हं वर येईपर्यंत ते शेत माझं आणि पाखरांचं. थंडी अशी की चिमटा हातातून निसटायचा. धरलेलं पाखरू कापडी पिशवीत ठेवायचं, मग डाव्या मुठीत घ्यायचं आणि पिसांवर फुंकर मारायची, म्हणजे खालची कातडी दिसते. कानाभोवती, डोळ्यांच्या कडांना, चोचीच्या बुडाशी बघायचं. होला बिचारा डोळे मिटून पडून राहायचा, जसं काही दाढ काढायला आलाय. लावा मुठीतही पळायचा प्रयत्न करायचा. सातभाईंचं विचारू नका. एक जाळ्यात आला की उरलेले सहा बाभळीवर बसून अर्धा तास मला शिव्या घालायचे, आणि पिशवीतला आतून साथ द्यायचा. काकू कधी कधी बघायला यायच्या. “पोळलं काय त्याले, फुकर मारून राह्यली ते?” असं विचारायच्या. एकदा तितर मिळाला तेव्हा काका आपण होऊन जवळ आले.

“पाहून झाल्यावर काय करते याचं?”

“सोडते.”

“सोडते!” काका म्हणाले, आणि पुढचे दोन दिवस बोलले नाहीत. तसे ते बोलतच नसत, पण या दोन दिवसांच्या न बोलण्यात फरक होता.

सरांचा नियम कडक. एका पाखराला एक शिशी. शिशीवर पाखराचा नंबर, आत स्पिरिट, स्पिरिटमध्ये गोचीड. (त्या स्पिरिटचा वास घेऊन काकांनी पुन्हा एकदा माझ्याबद्दल आशा बाळगली होती, तीही फोल गेली.) आणि गोचीड मिळालीच नाही, तरी त्या नंबरची शिशी तशीच रिकामी जपायची आणि वहीत शून्य लिहायचं. “शून्य म्हणजे रिकामी जागा नाही,” सर म्हणायचे, “शून्य हे उत्तर आहे.” सर असं बोलले की ते थोर वाटायचं. पण संक्रांत आली तेव्हा माझ्याजवळ चाळीस पाखरांच्या चाळीस शिश्या होत्या, त्यातल्या नऊंत गोचिडी आणि एकतीसांत निव्वळ उत्तरं.

आणि नेमकं तेव्हाच सरांचं पत्र आलं. या हंगामात पुरेसं साहित्य जमलं नाही तर हा विषय सोडावा लागेल. विषय सुटला की प्रबंध सुटला. प्रबंध सुटला की हिंगणघाटचं स्थळ. बाबांनी मला दिलेली मुदत या एका हंगामापुरती होती, ते ठरलेलंच होतं. मुलगा वाईट नव्हता हो, पण त्याची आई बघायला आली तेव्हा म्हणाली होती, “शिक्षण पुरे झालं असंल आता.” ते ‘पुरे’ माझ्या डोक्यात बसलं होतं. मी मागच्या खोलीत शिश्यांची पेटी मांडीवर घेऊन भोकाड पसरलं.

काकू धावत आल्या. “कोन मेलं?”

“कोणी नाही काकू. एकतीस रिकाम्या आहेत.”

त्यांनी पेटीत डोकावून पाहिलं. एकेक शिशी उजेडात धरली.

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या मुलाच्या बारशाला मी चार दिवस घरी गेले. पेटी काकूंच्या भिंतीतल्या देवळीत ठेवली, सांभाळा म्हटलं. परत आले ती सकाळच्या बसने, आणि फाट्यावर सरांची जीप उभी होती. प्रयोगशाळेत जाणारा माणूस घाईत होता. काकूंनी पेटी आधीच बांधून ठेवली होती. शिश्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून आत त्यांच्या घरचा कापूस गच्च भरला होता आणि वरून लुगड्याच्या फडक्याची गाठ. गाठ सोडायला वेळच नव्हता. पेटी गेली. वही माझ्याकडे राहिली.

मार्चात सरांनी बोलावलं. सरांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं.

“चाळीसपैकी चाळीस!” सर म्हणाले. “आणि वैविध्य तर काय! अकरा प्रकारचे जिवाणू निघालेत. एका खेड्यात! पाखरांच्या चाळीस शिश्यांत! याच्यावर लेख लिहू आपण, बाहेर देशात पाठवू. फक्त एक शंका आहे. सतरा नंबरचा होला. प्रयोगशाळेतला माणूस म्हणतो, त्यातली गोचीड होल्याच्या डोक्याएवढी होती. होल्याने ती पेलली कशी?”

“होला तगडा होता, सर,” मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. आजही आठवलं की कान तापतात. खोलीवर येऊन वही उघडली. सतरा: होला, शून्य. अठरा: सातभाई, शून्य. एकोणीस: लावा, शून्य. एकतीस शून्यं, माझ्याच अक्षरात, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर एकतीस ठिकाणी गोचिडी. वही फक्त माझ्याकडे होती. सरांनी ती अजून मागितली नव्हती. पेन हातात होतं. खोटं कशाला बोलू, मी एका शून्यावर पेन टेकवलंही. तिथे अजून शाईचा ठिपका आहे. मग मला रडू आलं, मग राग आला, आणि सकाळी मी दारव्ह्याची बस धरली.

यवतमाळपासून मी भांडण पाठ करत गेले. हंगामभराची मेहनत, शास्त्र म्हणजे काय, विश्वास म्हणजे काय, सगळं. गावात पोचले तेव्हा पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर ढीग लागले होते. काकू ओसरीवर तूर पाखडत होत्या.

“काकू, शिश्यांत तुम्ही काही टाकलं?”

“हाओ,” काकू शांतपणे म्हणाल्या. “म्याच भरल्या. चार दिवस लागले.”

“अहो, पण कशाच्या?”

“ज्याच्या भेटल्या त्याच्या. आपला चांद्या, आपली बकरी, शेजारच्या म्हशी. एकाच जनावराच्या टाकल्या असत्या तं तुहे सर म्हनले असते पोरगी कामचुकार हाये, एकाच जागी बसून भरल्या. म्हनून येगयेगळ्या टाकल्या. त्या पारावरच्या कुत्र्यानं चावलं मले, हे पाह्य.”

त्यांनी बोट दाखवलं. खरंच चावलं होतं. म्हणजे परदेशात पाठवायचं ते वैविध्य लिलाकाकूंच्या कर्तबगारीचं होतं. खाटेवरून काका म्हणाले, “धरून मीच होतो कुत्र्याले,” आणि श्रेयाची वाटणी पूर्ण केली.

“पण काकू, काहून?” मी ओरडले. रागात मी घरची भाषा बोलते. “कायले भरल्या? रिकाम्याच पाहिजे होत्या मले!”

काकूंनी सूप खाली ठेवलं. उठल्या आणि ओसरीलगतच्या खोलीचं दार ढकललं. ती त्यांची कापसाची खोली. इतर वर्षी म्हणे संक्रांतीला ती आढ्यापर्यंत भरायची, पोरगी माहेरी आली की त्याच्यावर उड्या मारायची. मी राहिले त्या सगळ्या हंगामात ते दार मला लावलेलंच दिसलं होतं. आता आत सारवलेली जमीन होती आणि कोपऱ्यात केरसुणी.

“औंदा हे पाह्य,” काकू म्हणाल्या. “खोली रिकामी, कोठी रिकामी. त्याच्यात तू त्या शिश्या मांडीवर घेऊन रडून राह्यली. म्हटलं, आपल्या घरून जाऊन राह्यल्या त्या. एवढ्या तरी रिकाम्या नको जायाले.”

पाठ केलेलं भांडण मला आठवेना. मी तिथेच उंबऱ्यावर बसून रडायला लागले.

“आता काहून रडते?” काकू वैतागल्या. “भरल्या नं!”

मग त्यांनी चहा केला आणि मी वही काढली. काकूंना आकडे वाचता येत नव्हते, पण पेटीतल्या रांगा तोंडपाठ होत्या. कोणत्या रांगेत म्हैस, कोणत्या टोकाला बकरी, कुत्र्याच्या कुठून सुरू. सतरा नंबरात चांद्याच्या कानातली, सगळ्यांत टम्म. चांद्या म्हणजे त्यांचा बैल, कपाळावर पांढरा चांद असलेला, त्याला गोंजारलं की मान लांब करणारा. मी तेव्हा घाबरत घाबरत विचारलं, “आणि ज्यात आधीच होत्या, त्या नऊंत?”

“त्यायले हात नाई लावला,” काकू म्हणाल्या. “भरल्या भांड्यात आपलं कायले टाकाव?”

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या पुढ्यात उभी राहिले. चष्मा काढून सरांनी सगळं ऐकलं. होला तगडा नव्हता हेही मी सांगितलं.

“म्हणजे हे अकरा प्रकारचं वैविध्य...” सर म्हणाले.

“बहुतेक लिलाकाकूंचं आहे, सर.”

“आणि खऱ्या नऊ शिश्या?”

मी काकूंचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. सरांनी चष्मा पुसून परत घातला. त्यांच्या हातातून काय गेलं होतं ते मला कळत होतं. मग ते म्हणाले, “खऱ्या नमुन्यांना हात न लावण्याची एवढी शिस्त माझ्या एकाही विद्यार्थ्यात नाही.” आणि पुन्हा ते चढलेले दात दिसले. “वहीत शून्यच ठेवा. पुढच्या हंगामात पुन्हा जा.” बाबांना त्यांनी दोन ओळींचं पत्र लिहिलं. त्यात काय होतं ते बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही, पण हिंगणघाटचं नाव घरात परत निघालं नाही.

पुढच्या हंगामात मी तीन पेट्या घेऊन गेले. कशालाही हात लावायचा नाही असं काकूंना बजावलं. त्यांनी शब्द पाळला, पण रिकाम्या शिश्यांची पेटी भिंतीकडे तोंड करून ठेवायच्या. “मले पाह्यवत नाई,” म्हणायच्या. गोठ्यात चांद्याचा खुंटा मोकळा होता. काका रोज संध्याकाळी त्या खुंट्याशी जाऊन थोडा वेळ उभे राहायचे आणि परत यायचे.

माझा प्रबंध झाला. त्यात पहिल्या हंगामाची नऊ पाखरं आहेत आणि एकतीस शून्यं. परीक्षकांनी विचारलं, एवढी शून्यं कशी? मी म्हटलं, पाखरं स्वच्छ राहतात. आता मी यवतमाळला कॉलेजात हाच विषय शिकवते. पोरं वह्या आणतात, सगळ्या रकान्यांत छान छान आकडे भरलेले. मी म्हणते, शून्य कुठंय? शून्य नसलेल्या वहीवर माझा विश्वास बसत नाही. मागच्या टेबलावरची पोरं मला शून्यवाल्या बाई म्हणतात. म्हणू देत.

काल मी लिलाकाकूंकडेच निघाले होते. काका जाऊन आता सहा वर्षं झाली. काकूंचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे. मी डबाभर तिळाचे लाडू नेले होते. डबा उघडून बघितल्यावरच त्यांनी मला आत घेतलं. चहा झाला, गुडघे झाले, लेकीच्या पोरांच्या परीक्षा झाल्या. मग त्या एकदम म्हणाल्या,

“परग्या, त्या शिश्या हायेत काय वं अजून?”

“आहेत काकू. प्रयोगशाळेने परत दिल्या. प्रत्येक गोचिडीचा तुकडाच वापरला होता त्यांनी, बाकीचा भाग तसाच आहे. आमच्या कॉलेजच्या फ्रिजात ठेवल्यात.”

“ते सतरा नंबरची?”

“तीही.”

काकूंनी हिशेब केल्यासारखं थोडा वेळ मान हलवली. “गोचिडीनं रगत पेलं असन नं त्याचं? चांद्याचं?”

“हो. म्हणून तर एवढी टम्म होती.”

“म्हंजे हाये म्हना तो थोडासा.” त्या अंगणाकडे बघत होत्या, जिथे आता गोठा नाही. मग त्यांच्या काय मनात आलं, त्यांनी माझा हात धरला. “फ्रिजात तं थंडी असन वं लय. त्याले सोसत नव्हती थंडी. झूल टाकाव लागे.”

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात कापूस आठवला. त्या पेटीतला कापूस मी आजवर कोणाला बदलू दिलेला नाही. शिपाई दर उन्हाळ्यात कुरकुरतो, पिवळा पडलाय म्हणतो.

“तुमच्याच कापसात गुंडाळलाय काकू,” मी म्हटलं. “तुम्ही घातला होता त्याच्यात.”

“मंग ठीक हाये,” काकू म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, माझा डबा भरून आणायला.